शस्त्र, परवाना आणि पोलीस

भिंगारला लागूनच लष्करी छावणी. बंदुकीचे आपणांस नवल नाही. पण खाजगी इसमाचे शस्त्र हा निराळा प्रश्न आहे. पोलिसाने रस्त्यात गाडी अडविली, तर परवानेवाल्याने ‘माझ्याजवळ पिस्तूल आहे’ असे आपण होऊन सांगावे काय?

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसास परवान्याची सक्ती, युरोपियनास सूट! १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्यात बदल मागितला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. राज्यघटनेने मात्र तो मूलभूत हक्कांत घेतला नाही. उलट, तिच्या १९ व्या कलमाने सभेचा हक्क दिला तो शांततेने व विनाशस्त्र जमणाऱ्यांस. आम्हा कामगारांच्या सभा त्याच हक्कावर भरतात.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचेही कलम १९ च पाहा. शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो न दाखविल्यास नाव-पत्ता विचारू शकतो, शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता नाकारल्यास अटकही करू शकतो. विचारण्याआधी सांगा, असे हे कलम म्हणत नाही.

तरी माझे मत, सांगावे. हात समोर ठेवून आधी बोलावे, मग विचारून परवाना काढावा. न सांगता कमरेकडे हात गेला, तर समोरचा पोलीस काय समजेल? त्यालाही घरी बायकामुले आहेत, आणि आपल्यालाही.