विमानतळावरची झडती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आत्या मंगळवेढ्याकडची, वय सत्तरीच्या घरातले. दिल्लीला मुलाकडे निघाली होती. आगगाडीचा लांबचा प्रवास तिला झेपण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून विमानाची तिकिटे काढली आणि सोबतीला मी निघालो. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर तिची पेटी वजन करून आत गेली. मग आम्ही झडतीच्या रांगेत उभे राहिलो. आत्याची कापडी पिशवी त्या यंत्राच्या पट्ट्यावरून आत गेली आणि अडली. पिशवीत पानाची चंची, चंचीत अडकित्ता. तिच्या यजमानांच्या वेळचा, पितळी मुठीचा.

शिपाई बिचारा सभ्य होता. म्हणाला, "माँजी, हे आत नेता येत नाही. बाहेर कोणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडे देऊन या." बाहेर आमचे कोणी नव्हते. पेटी तर केव्हाच गेली होती. अडकित्ता तिथल्या खोक्यात पडला. आत्या माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "आरं, मी काय चोर हाय का?" पुढे दिल्ली येईपर्यंत ती फारसे बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ढग खाली दिसत होते, पण तिने खिडकीबाहेर पाहिलेसुद्धा नाही.

चूक माझी होती. मी इतिहास शिकवतो. त्या रांगेतला एकेक नियम कुठून आला, हे मला ठाऊक होते. पण घरून निघताना आत्याची चंची उघडून पाहावी, हे काही सुचले नाही.

आता हे तुम्हांला सांगण्याचे कारण असे, की विमान आपल्या दाराशी आले आहे. होटगी रस्त्यावरच्या आपल्या विमानतळाचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झाले. ९ जून २०२५ला गोव्याचे आणि १५ ऑक्टोबर २०२५ला मुंबईचे विमान इथून सुरू झाले. त्याआधी विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, ते आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजविल्या, तर ऊस उत्पादकांच्या कित्येक घरांत चूल पेटली नाही म्हणा ना! एवढी किंमत मोजून जे विमान आले, त्यात सांगोल्याच्या, बार्शीच्या, अक्कलकोटच्या माणसानेही ताठ मानेने बसावे, असे मला वाटते. त्याला रांगेत आपण संशयित आहोत असे वाटू नये, म्हणून हा खटाटोप.

प्रारंभी झडती नव्हतीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला एक छोटे विमान घेऊन आले. त्यात टपालाच्या थैल्या होत्या. मुंबईचे आपले विमान त्याच तारखेला, त्र्याण्णव वर्षांनी सुटले, हा योगायोग. त्या काळच्या लहान विमानांना चिंता एकच, वजनाची. सामानाबरोबर उतारूलाही काट्यावर उभे करीत. कारखान्यावर उसाची गाडी तोलतात, तसाच प्रकार! उतारूच्या खिशात काय आहे, हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नसे.

ते मनात आणून दिले विमाने पळविणाऱ्यांनी. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. उतारू सुखरूप सुटले, विमान मात्र जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली आणि त्याच वर्षाच्या युद्धात ती बंदी पाकिस्तानला फार जाचली. आणि त्या तरुणांच्या हातातली शस्त्रे? ती नकली होती, असे पुढे निघाले. तिकडे अमेरिकेत विमाने पळविण्याचे पेव फुटले होते. शेवटी ५ जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे १० सप्टेंबर १९७६ला दिल्लीहून मुंबईकडे निघालेले विमान लाहोरला पळविले गेले. त्यावर सरकारने समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचे खाते उभे राहिले, ते १ एप्रिल १९८७ला स्वतंत्र झाले. आज बरोबर काय न्यावे आणि काय नेऊ नये, ते हेच खाते ठरविते.

पण खाते निघाले त्याच वर्षी काय झाले पाहा. २० डिसेंबर १९७८. लखनौहून दिल्लीकडे येणारे विमान दोघा तरुणांनी वाराणसीला उतरवायला लावले. इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा, ही त्यांची मागणी. त्यांच्याजवळ होते काय, तर खेळण्यातले पिस्तूल आणि एक क्रिकेटचा चेंडू! चेंडू बाँब म्हणून दाखविला. हे दोघे पुढे उत्तर प्रदेशाच्या विधानसभेवर निवडूनही आले, आता बोला. तेव्हा नातवाच्या दप्तरातले जत्रेतले पिस्तूल शिपायाने बाजूला ठेवले तर हसू नका. आकाशात, तीस हजार फुटांवर, खरे आणि खोटे पिस्तूल यांत फरक करायला कोणाला वेळ नसतो. आणि याच कारणाने रांगेत थट्टासुद्धा करू नये. "पिशवीत काय बाँब हाय व्हय?" असे आपल्याकडे एस्टीत सहज म्हणतात. विमानतळावर ते वाक्य तुम्हांला पोलीस ठाण्यात नेऊ शकते.

यानंतरची गोष्ट सांगताना आवाज खाली येतो. २३ जून १९८५. एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान कॅनडाहून लंडनमार्गे भारतात येत होते. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, समुद्रावर त्याचा स्फोट झाला. ३२९ माणसे गेली, त्यांत लहान मुले कितीतरी. बाँब एका बॅगेत होता. ती बॅग व्हँकूवरला एका माणसाने सामानात दिली आणि तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग एकटी निघाली. त्याच दिवशी जपानमध्ये नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेने सामान वाहणाऱ्या दोघांचा जीव घेतला.

आता आजचा नियम कळतो. ज्याचे सामान पोटात गेले, तो माणूस वर बसलेला असलाच पाहिजे. एखादा उतारू चहा पीत बसला आणि आला नाही, तर त्याचे नाव पुकारतात, आणि तरीही आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवितात. सगळे विमान खोळंबते. लोक चडफडतात. "ही बॅग तुम्हीच भरली का? कोणी काही न्यायला दिले आहे का?" हा प्रश्नही त्याच बॅगेतून आला. आपल्या गावाकडे "जाताच आहात तर आमच्या पोराला एवढं द्या" म्हणून बांधलेले गाठोडे हाती देण्याची रीत आहे. चांगली रीत आहे. पण विमानाला जाताना ते गाठोडे सोडून, पाहून, मगच घ्यावे. आणि ओळख नसलेल्याचे तर मुळीच घेऊ नये. सोडून पाहिले म्हणून कोणी रागावला, तर त्याला कनिष्कची गोष्ट सांगावी.

पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९८६ला, मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीच्या विमानतळावर उभे असता चौघे हत्यारबंद आत घुसले. ते आले सुरक्षा शिपायांच्या वेशात आणि सुरक्षेच्या गाडीसारख्याच गाडीतून. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत ही त्या विमानातली प्रमुख सेविका. तिने वैमानिकांना इशारा पोहोचविला, ते निसटले, विमान जागचे हलले नाही. शेवटी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिने उतारूंना बाहेर काढले आणि ती स्वतः गेली. तेवीस वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. मुद्दा असा, की तुमची आमची झडती होते तशी वेषधारी शिपायाची, झाडूवाल्याची, वैमानिकाचीही व्हावी लागते. गळ्यातला तो बिल्ला शोभेचा नसतो.

२४ डिसेंबर १९९९चे काठमांडूहून कंदाहारला नेलेले विमान पुष्कळांना आठवत असेल, म्हणून त्यावर थांबत नाही. एवढेच सांगतो, की त्यानंतर ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने आपले विमानतळ हाती घ्यायला सुरुवात केली.

आणि आता अडकित्ता. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात चालत असे. त्या दिवशीच्या हल्लेखोरांनी लहान पात्यांवरच चार विमाने ताब्यात घेतली, आणि जगभर चाकू, कात्री, सुरी यांच्यावर गदा आली. न्यूयॉर्कच्या त्या मनोऱ्यांची झळ मंगळवेढ्याच्या पानाच्या चंचीला लागली ती अशी! हीच वस्तू मोठ्या पेटीत गेली असती तर कोणी हरकत घेतली नसती. नेलकटर, विळी, खुरपे, बॅट, पाने-पेचकस, जे धारदार वा जड ते खालच्या पेटीत. हातातल्या पिशवीत कपडे, औषधे, कागदपत्रे, पैसे, दागिने.

उलट एक वस्तू आहे ती पेटीत चालत नाही, हातातच लागते. मोबाईलला वीज देणारी पॉवर बँक. तिच्यातली बॅटरी कधी कधी आपोआप पेट घेते. वर पेटली तर विमानातले लोक विझवतील. खाली सामानात पेटली तर कळणार कोणाला? काडेपेटी आणि लायटर मात्र दोन्हीकडे वर्ज्य.

आपल्या भागाचा खरा घोळ होतो तो नारळाचा. तुळजापूरचा, अक्कलकोटचा प्रसादाचा नारळ माणूस टाकील कसा? पण सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते स्वतःच तापून पेटू शकते, म्हणून खोबऱ्याची वाटी विमानाला नकोच. अख्खा नारळ हातात चालत नाही. पेटीत चालतो का, ते कंपनीला आधी विचारावे. भाविकांची अडचण सरकारलाही कळते; ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातात नेण्याची मुभा त्या हंगामापुरती दिली होती. आपल्याकडे सोपा उपाय, नारळ फोडून प्रसाद घरीच वाटावा. लाल तिखट हातात नको, डोळ्यांत फेकता येते म्हणून. लोणचेही पेटीतच. आपली शेंगदाण्याची चटणी तिखटाचीच बहीण, तीही पेटीत घालावी. सोलापुरी चादरीत गुंडाळली म्हणजे बरणीही फुटत नाही. कडक भाकरी खुशाल हातात न्या.

पातळ पदार्थांचा नियम २००६चा. त्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पोलिसांनी शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट पकडला. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्यास हातात शंभर मिलिलिटरहून मोठी पातळ पदार्थांची बाटली नेता येत नाही. हजला जाणाऱ्यांनी, आखाती देशात नोकरीला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाण्याची बाटली रिकामी न्यावी, आत भरून घ्यावी.

झडतीचे यंत्र काय पाहते, हे गुरुजी मुलांना सांगू शकतील. क्ष-किरण पिशवीतून जातात आणि पडद्यावर रंग उमटतात. अन्न, कापड, कागद नारिंगी दिसतात, धातू निळा. नारिंगी भाकऱ्यांत निळा अडकित्ता लपत नाही. मोबाईल वगैरे वेगळ्या ताटात ठेवायला सांगतात, कारण त्यांच्या आड दुसरी वस्तू झाकली जाते. माणूस चौकटीतून जातो ती फक्त धातू ओळखते. जोडवी-बांगड्यांनी ती वाजली तरी घाबरू नये, हातातल्या यंत्राने पुन्हा पाहतात. बायकांची तपासणी पडद्याआड, बाईच करते. गुडघ्यात सळई असेल, हृदयाला यंत्र बसविलेले असेल, तर चौकटीत शिरण्याआधीच सांगावे, लाजू नये.

वेळेचे म्हणाल तर, एस्टी हात दाखवून थांबते, विमान थांबत नाही. देशातल्या प्रवासाला सामान घेण्याची खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, तेव्हा दोन तास आधी पोहोचावे. आणि नाव! तिकिटावर बाळू आणि आधारकार्डावर बाळासाहेब असेल, तर दारातच अडते. तिकीट काढतानाच कार्ड समोर ठेवावे.

आत्या परतीच्या प्रवासात एकटी आली. दिल्लीत तिने नवा अडकित्ता घेतला होता, तो लुगड्याच्या घडीत घालून पेटीत टाकला. चंचीतली चुन्याची डबी पातळ धरतात की घट्ट, असा प्रश्न तिने झडतीच्या बाईलाच विचारला म्हणे. त्या बाईने डबी उघडून पाहिली, हसली आणि परत दिली. या खेपेला आत्याने खिडकीशेजारची जागा मागून घेतली होती.