मायक्रोआरएनए हे मरणाचे बटण नव्हे

पूर्वपक्ष असा: काही मायक्रोआरएनए (जनुकांचे संदेश आवरणारे छोटे आरएनए रेणू) म्हणजे पेशीमृत्यूचे बटण. ते हरवले की पेशी मरायची थांबते आणि कर्करोग होतो; परत दिले की ती मरते. दाखला बहुधा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाचा. या रक्ताच्या कर्करोगात 13व्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळतो, त्यात मिआर-15ए आणि मिआर-16-1 यांची जनुके आहेत, हे संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटाने 2002 साली दाखवले. हे दोघे बीसीएल-2 या प्रथिनाची निर्मिती दाबतात, हे 2005 मध्ये कळले. बीसीएल-2 हे बॅक्स आणि बॅक या प्रथिनांना आवरून धरते. ती मोकाट सुटली तर मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला भोके पडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येते आणि कॅस्पेज एन्झाइमे पेशीची मोडतोड सुरू करतात.

प्रयोग खरे आहेत. निष्कर्ष टिकत नाही. हा तुकडा सुमारे निम्म्या रुग्णांतच गळालेला असतो, बीसीएल-2 मात्र जवळपास सर्वांत वाढलेले असते. कारणाविना कार्य घडते, म्हणजे नैयायिकांच्या भाषेत हा व्यतिरेक-व्यभिचार. 2010 मध्ये उंदरांतून हाच भाग काढला, तेव्हा रोग काहींनाच झाला, तोही उतारवयात. आणि ज्या पेशींतून हा कर्करोग उद्भवतो त्या बी-पेशींत ठळक फरक दिसला तो विभाजनाच्या वेगात. शिवाय ज्या रुग्णांत केवळ हाच बिघाड असतो, त्यांचा आजार इतरांपेक्षा सौम्य चालतो.

‘पण प्रयोगशाळेत हे रेणू दिले की पेशी मरतात ना?’ मरतात; मात्र तिथला डोस नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट असू शकतो. एरवी एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांचे संदेश आवरतो, आणि त्यातला बहुतेक प्रत्येक थोडाथोडाच.

म्हणून आमचा पक्ष असा: मायक्रोआरएनए मरणाचा हुकूम देत नाही, मरणाचा उंबरठा खालीवर करतो. 2016 साली मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध थेट बीसीएल-2च्या खाचेत बसते. तिथे अडकलेले बिम हे मारक प्रथिन सुटते आणि 13व्या गुणसूत्राचा तुकडा शाबूत असलेल्या पेशीही मरतात. त्या आधीच मरणाच्या कडेवर होत्या. उलट मिआर-17-92 हा समूह वाढला की बिम आणि पेशीची वाढ रोखणारे पीटेन ही दोन्ही प्रथिने थोडेथोडे घटतात व पेशी कडेपासून दूर सरकते. तेव्हा उपचार आखताना कोणता मायक्रोआरएनए हरवला एवढे पाहून भागणार नाही. ती विशिष्ट पेशी मरणापासून किती दूर आहे, हे आधी मोजले पाहिजे.