टाका, गाठ आणि ऊब : भटकंतीच्या रजईतील भरणाचा इतिहास

रजईची ऊब तिच्या भरणातील तंतूंमध्ये अडकून पडलेल्या स्थिर हवेतून येते, आणि त्यामुळेच रजई शिवणाऱ्यापुढे एक जुना पेच कायम उभा असतो: भरण सरकू नये म्हणून वरपासून खालपर्यंत टाका घातला, तर त्या जागी दोन्ही कापडे एकमेकांना भिडतात, मधली हवा निघून जाते आणि थंडीला आत यायला वाट मिळते, टाका घातला नाही, तर भरण एका कोपऱ्यात गोळा होऊन उरलेल्या जागी नुसते कापड राहते. भरण जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या अशा लांब टाक्यांना मराठीत ‘नगंदे’ असा शब्द आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डोंगरभटक्यांनी घरच्या शिलाई यंत्रावर शिवलेल्या हलक्या रजयांचा इतिहास बराचसा या नगंद्यांभोवती फिरतो.

कापसाच्या काळात फारसा पर्याय नव्हता. कापसाचा तंतू आखूड असतो आणि धुतल्यावर किंवा वापरात तो सहज सरकतो, म्हणून एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रजयांवर एक-दोन इंचांच्या अंतराने टाक्यांच्या ओळी घातलेल्या दिसतात. आज संग्रहालयांत ज्या नक्षीचे कौतुक होते, तिच्या मुळाशी ही गरज होती. कडाक्याच्या थंडीसाठी केलेल्या जाड रजयांतून सुई ओढणे अवघड जाई, तेव्हा ओळींऐवजी लोकरीचा किंवा सुती दोरा ठिकठिकाणी आरपार काढून त्याची गाठ मारण्याची पद्धत होती. ही गाठीची रजई शिवणकलेच्या दृष्टीने कमी प्रतिष्ठेची मानली गेली, तरी ती लवकर होई आणि टाक्यांच्या रजईपेक्षा फुगीर राही. पुढे सिनसिनाटी येथील ‘स्टर्न्स अँड फॉस्टर’ या १८४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ‘माउंटन मिस्ट’ या नावाने कापसाचे सलग पट विकले, ज्यांच्या पृष्ठभागावर तंतू धरून ठेवणारा पातळ लेप दिलेला असे. टाक्याचे थोडे काम भरणानेच करावे, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील पिंजाऱ्याचा मार्ग यापेक्षा निराळा होता. त्याने भरलेल्या रजईला किंवा गादीला टाके मोजकेच असत, कापूस काही वर्षांनी दबून गठ्ठे होणार हे गृहीत धरलेले असे, आणि तसे झाले की शिवण उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून भरला जाई. गोधडीचा प्रश्न मुळातच वेगळा, कारण तिच्यात सुटे भरण नसते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून तिला दाट धावदोरा लागतो.

थंडीशी संबंधित पुढचा मोठा प्रयोग पिसांचा. बदक व हंस यांच्या पोटाकडील लवेला ‘डाऊन’ म्हणतात, आणि सिअ‍ॅटलच्या एडी बाउअर यांनी १९३६ मध्ये डाऊन भरलेले, आडव्या-तिडव्या टाक्यांनी कप्पे पाडलेले जाकीट बाजारात आणले. १९४० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. झोपण्याच्या थैल्यांत मात्र टाक्यांच्या थंड रेषा अधिक जाणवत, म्हणून दोन्ही कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या भिंती शिवून त्यांच्या कप्प्यांत पिसे भरण्याची रीत पडली. हे काम घरी करणे शक्य असले तरी कष्टाचे होते, आणि पिसे घरभर उडत ती गोष्ट वेगळीच. शिवाय ओली झालेली पिसे एकमेकांना चिकटून ऊब जवळजवळ गमावतात.

पॉलिएस्टरने हे समीकरण बदलले. व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये हा तंतू शोधला आणि १९५० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने तो ‘डेक्रॉन’ या नावाने विकायला सुरुवात केली. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून भिजल्यावरही त्याचा फुगीरपणा बराचसा टिकतो. सुरुवातीचे भरण आखूड तंतूंचे असल्याने त्याला टाक्यांचा आधार लागेच. कारखान्यांनी त्यावर असा उपाय केला की दोन थर वेगवेगळे शिवून एकाच्या टाक्यांवर दुसऱ्याचा फुगीर भाग येईल असे ते रचले. १९७० च्या दशकात ‘पोलारगार्ड’ नावाचे भरण आले, ज्यातील तंतू तुकड्यांचे नसून लांबच लांब अखंड होते आणि एकमेकांत गुंतून त्यांचा सलग पट बनत असे. असा पट कडेच्या शिवणीत नीट पकडला की मधल्या नगंद्यांची गरज फारच कमी होते. त्याच सुमारास कोलोरॅडोतील ‘फ्रॉस्टलाइन’ ही कंपनी कापलेले कापड, भरण आणि सूचना एकत्र बांधून विकत होती, आणि अनेक अमेरिकन घरांतील शिलाई यंत्रावर थैल्या व जाकिटे तयार होत होती. ‘प्रायमालॉफ्ट’ हे अमेरिकन सैन्यासाठी १९८० च्या दशकात विकसित झालेले भरण मात्र अतिसूक्ष्म तंतूंचे, पिसांसारखे मऊ. मऊपणाची किंमत म्हणून त्याला आधाराची जाळी किंवा जवळजवळचे टाके लागत.

थैलीऐवजी रजई हा विचार भटक्यांत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः रे जार्डीन यांना जाते. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाणारी पॅसिफिक क्रेस्ट पायवाट त्यांनी पत्नीसह एकाहून अधिक वेळा चालून पार केली. १९९२ च्या पुस्तकात आणि पुढील लेखनात त्यांनी असा युक्तिवाद मांडला की अंगाखाली दबलेले भरण चपटे होऊन निरुपयोगी ठरते, तेव्हा ते वाहून नेण्यात अर्थ नाही. त्यांनी अशा रजईचे घरी शिवायचे संचही विकले. या रजयांची सर्वसाधारण कृती उशीच्या अभ्र्यासारखी आहे: दोन नायलॉनची कापडे सुलट्या बाजू आत ठेवून जुळवायची, वर भरणाचा पट ठेवायचा, कडा एकत्र शिवायच्या आणि उघड्या बाजूने सारे उलटवायचे.

अडचण येते ती मध्यभागी. नायलॉन गुळगुळीत असतो, रजई दोन मीटरच्या आसपास लांब असते, आणि रात्रभराच्या ओढाताणीत कडेला धरलेला पट मध्ये ताणला जातो. आजच्या ‘क्लायमाशील्ड’सारख्या अखंड तंतूंच्या भरणाला केवळ कडेची शिवण पुरते असे मानणारे पुष्कळ आहेत; पण सावध शिवणारे ठिकठिकाणी लोकरीचा दोरा आरपार काढून गाठ मारतात. एकोणिसाव्या शतकातील कमी प्रतिष्ठेची गाठच येथे परतलेली दिसते, फक्त एका महत्त्वाच्या फरकाने: ती आवळायची नसते. दोन्ही कापडांमध्ये भरणाच्या जाडीइतके अंतर राहील असा सैल फास ठेवला, तर दोरा पट धरून ठेवतो आणि हवा मात्र दाबत नाही. यंत्राच्या सलग शिवणीला हे साधत नाही, कारण ती कापडे भिडवल्याशिवाय पुढे सरकतच नाही. शिवाय तिच्या प्रत्येक छिद्रातून पावसाचे पाणी झिरपू शकते. गाठी मारताना दोन छिद्रे पडतात तिथे शिवणीला शेकडो पडली असती.

गाठ भरण सरकण्यापासून वाचवते, दबण्यापासून नाही. पिशवीत रोज कोंबलेले पॉलिएस्टर काही मोसमांत आपला फुगीरपणा कायमचा गमावते, आणि पिंजाऱ्याच्या कापसाप्रमाणे ते उसवून पुन्हा पिंजता येत नाही.