कागद आणि ओंजळ



"आमदाराला निवेदन देऊन काय उखडणार?" हा सवाल वस्तीत ऐकतो, पाळी सुटल्यावर गिरणीच्या गेटवर ऐकतो. कागद घेतात, फोटो काढतात, पाठ फिरली की कागद टोपलीत. हा राग खोटा नाही. पण नुसत्या रागावर चळवळ चालत नाही, म्हणून आपलाच इतिहास उघडून बघू. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. रात्रपाळ्या करत जे वाचलं, ते मांडतो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सप्टेंबरात सरकारनं खात्यांना तसा हुकूम धाडला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही ठराव करून चवदार तळं खुलं केलं.

आणि पाणी? एक थेंब नाही. तळ्यावर गुरं पीत होती, आपला माणूस तहानलेला होता. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला : जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड ऐकणार नाही त्याचं अनुदान तोडा. तरी महाडचं पाणी होतं तिथंच.

मग २० मार्च १९२७ उजाडला. बाबासाहेब पुढं, मागं हजारो पाय. ओंजळ भरली. लगेच लाठ्या पडल्या, डोकी फुटली. १०८ घागरी शेणमूत-दूधदही ओतून तळं 'शुद्ध' केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच दिवशी, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. भांडण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. म्हंजे पहिल्या ठरावापासून साडेतेरा वर्षं.

मग बोल्यांचा कागद फुकट गेला का? नाही. त्या कागदामुळंच २० मार्चला तळ्यावर गेलेले लोक कायदा मोडत नव्हते, कायदा अमलात आणत होते. मोडणारे लाठीवाले होते. कागदानं पाणी दिलं नाही, पण हक्क कुणाचा आणि गुन्हेगार कोण, हे लिहून ठेवलं.

नामांतराचंही तेच. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळे यांना मारलं. सरकारनं पाय मागं घेतला. पण ठराव सभागृहाच्या दप्तरात होता आणि माणसं रस्त्यावर. लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, तेव्हा १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही नामविस्तार म्हणून.

तेव्हा निवेदन देऊन घरी बसणारा चुकतो, आणि निवेदन फाडून टाकणाराही चुकतो. निवेदन द्या. पोच घ्या, तारीख टाका, नक्कल जपून ठेवा. आमदाराला सभागृहात प्रश्न विचारायला भाग पाडा, म्हंजे मंत्र्याचं उत्तर दप्तरी लागेल. मग ते उत्तर हातात घेऊन वस्तीसकट दारात उभे रहा. एकट्याचं निवेदन टोपलीत जातं. पाचशे माणसं उत्तर मागायला आली, की तेच टोपलीतून काढावं लागतं.

जय भीम.