पंचांगावरचा अंगठा

चित्रपटातला एक प्रसंग आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. खोलीत प्रेत पडलेले आहे. इन्स्पेक्टर हातरुमालात गुंडाळून पिस्तूल उचलतो आणि म्हणतो, "यावरचे ठसे घ्या." पुढच्या दृश्यात आरोपी थेट कोर्टाच्या पिंजऱ्यात! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेल्या पिढीपासून आजच्या मालिका पाहणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांच्या मनात एक समीकरण पक्के बसले आहे: ठसा ज्याचा, खून त्याचा.

हे समीकरण कितपत बरोबर आहे? ते तपासायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा मोठा भाग आपल्याच देशात, बंगालमध्ये घडला. आणि ठशाची खरी परीक्षा पाहणारा एक खटलाही तिथेच उभा राहिला.

शंख, चक्र आणि १०२४ कप्पे

तान्ह्या बाळाच्या बोटांवर किती चक्रे आणि किती शंख आहेत हे आजी मोजते, ते भविष्य सांगण्यासाठी. बंगालमध्ये हीच मोजणी वेगळ्या कामासाठी झाली. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर पंजाचा ठसाही घेतला. पुढे अनेक वर्षे ठसे जमवल्यावर त्याच्या लक्षात आले की वय वाढले तरी बोटांवरच्या रेषांची नक्षी बदलत नाही. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी या विषयावर पुस्तक लिहिले.

पण एक व्यावहारिक अडचण होती. हजारो लोकांच्या ठशांच्या चिठ्ठ्या जमल्या, तर त्यांतून हवी ती शोधायची कशी? बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी हा प्रश्न सोडवण्यात मोठा वाटा उचलला. हक गणिताचे विद्यार्थी होते.

युक्ती अशी. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा: चक्र आहे की नाही? उत्तरे दोनच. बोटे दहा. म्हणजे २ चा दहावा घात, १०२४ शक्यता. कपाटात ३२ ओळी आणि ३२ स्तंभ असे १०२४ कप्पे केले की प्रत्येक चिठ्ठीचा कप्पा ठरला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचे मिळाले. हक आणि बोस यांचे श्रेय बराच काळ मागेच राहिले.

जलपाईगुडीचा खून

कार्यालय सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षीची, १८९८ ची ही गोष्ट. जलपाईगुडी जिल्ह्यातल्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उघडी होती. काही शे रुपये गेले होते.

संशय कोणावर? मळ्यातल्या मजुरांवर, कारण व्यवस्थापक कडक होता. एका स्त्रीशी त्याचे संबंध होते, तिच्या नातेवाइकांवर. त्या भागात फिरणाऱ्या काबुली लोकांच्या टोळीवर. चोरीबद्दल त्याने पूर्वी तुरुंगात पाठवलेल्या एका नोकरावर. आणि स्वयंपाक्यावर, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते!

इथे क्षणभर थांबूया. कथाकाराला एवढे पुरे झाले असते. स्वयंपाकी म्हणाला की मालकाच्या जेवणासाठी कबूतर मारले, त्याचे हे डाग. मालकाचा खून झालेला असताना गरीब स्वयंपाक्याच्या या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? पण डाग रासायनिक तपासनिसाकडे गेले आणि त्याच्या अहवालाने स्वयंपाक्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असते. माणसाच्या पेशी गोल चकतीसारख्या, केंद्रक नसलेल्या. नववी-दहावीच्या पुस्तकातला हा फरक एखाद्याच्या जिवाइतका मोलाचा ठरू शकतो.

आता पेटीकडे वळू. तिच्यात एक बंगाली पंचांग होते आणि त्याच्या कागदी वेष्टनावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग होते. भिंगातून पाहिल्यावर एका डागात बोटाच्या रेषा दिसल्या. माजी नोकर कांगाली चरण याला पूर्वी शिक्षा झालेली असल्याने त्याचे ठसे कलकत्त्यात होते. ताडून पाहिले, तर पंचांगावरचा ठसा त्याच्याच उजव्या अंगठ्याचा. तो दूर बीरभूममध्ये सापडला. त्याचा अंगठा पुन्हा घेतला, तोही जुळला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असा रासायनिक तपासनिसाने दाखला दिला. (रक्त माणसाचेच आहे हे ओळखण्याची खात्रीची चाचणी पाउल ऊलेनहूट यांनी १९०१ मध्ये शोधली. तेव्हा तो प्रश्न १८९८ मध्ये उघडाच राहिला.)

चित्रपट इथे संपला असता. खटला संपला नाही. न्यायाधीशाबरोबर बसून मत देणारे असेसर त्या काळी असत. त्यांचे मत पडले की चोरी सिद्ध झाली आहे, पण खून करताना आरोपीला कोणीही पाहिलेले नाही, त्यामुळे खुनाबद्दल दोषी धरणे धोक्याचे आहे. कांगाली चरणला चोरीबद्दल शिक्षा झाली, खुनाच्या आरोपातून तो सुटला. वरच्या न्यायालयातही हा निकाल टिकला.

ठसा काय सांगतो?

हा निकाल वाचून काही वाचक अस्वस्थ होतील. आम्हीही झालो. रक्ताने भरलेला अंगठा, त्याच खोलीतली पेटी, सूड घेण्याचे कारण. आणखी काय हवे? कदाचित खरा खुनी सुटला असेल. पण ठशाने नेमके काय सिद्ध केले ते ओळीने मांडून पाहू. या माणसाचा अंगठा या पंचांगाला लागला. लागला तेव्हा त्यावर रक्त होते. बस्स. सुरी कोणाच्या हातात होती, खोलीत आणखी कोणी होते का, याबद्दल ठसा गप्प आहे. उरलेले अंतर आपण तर्काने ओलांडतो. तो तर्क बरोबर असू शकतो, पण तो ठशाने सांगितलेला नसतो.

मग पाहणारा साक्षीदार असता, तर खात्री झाली असती का? बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून' (१९६०) या चित्रपटात खून स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा वकीलच चुकतो, कारण खुनी दुसऱ्याच माणसासारखा हुबेहूब दिसणारा निघतो. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि त्यावरून बासू चटर्जींनी केलेला 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) यांत आरोपीचा चाकू अगदी दुर्मिळ आहे असे सगळे धरून चालतात. एक पंच खिशातून तसाच दुसरा चाकू काढून टेबलावर ठेवतो. असे आणखी किती असतील, हाच त्याचा प्रश्न आहे.

आर्थर कॉनन डॉईल यांनी तर १९०३ सालीच नॉरवुडच्या बांधकाम व्यावसायिकाच्या कथेत भिंतीवर रक्ताचा बनावट ठसा उमटवला. इन्स्पेक्टर लेस्ट्रेड खूश होतो. शेरलॉक होम्सला मात्र आठवते की आदल्या दिवशी आपण पाहिले तेव्हा भिंतीवर ठसा नव्हताच! स्कॉटलंड यार्डने ठशांचे कार्यालय सुरू करून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. १९०५ मध्ये लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील खुनाच्या खटल्यात पैशांच्या पेटीवरचा एक अंगठा मुख्य पुरावा ठरला आणि दोन भावांना फाशी झाली.

पुढे शंभर वर्षांत ठशाचा दरारा एवढा वाढला की तो चुकू शकतो हेच लोक विसरले. २००४ मध्ये माद्रिदला रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे, असे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने ठामपणे सांगितले. तो सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिला. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखवून दिले आणि यंत्रणेने माफी मागितली. जलपाईगुडीत संशयित आधीच माहीत होता, ठसा नंतर जुळला. इथे संगणकाने प्रचंड साठ्यातून मिळतेजुळते ठसे काढून दिले आणि संशय नंतर आला. साठा जितका मोठा, तितके बरेचसे सारखे दिसणारे ठसे सापडण्याची शक्यता जास्त, हे साधे गणित त्या वेळी नजरेआड झाले. प्रत्यक्षात पुसट, अर्धवट ठसा जुळवणे हे शेवटी माणसाच्या डोळ्यांचे काम असते.

वर्गात करून पाहा

कागदावर शिसपेन्सिल घासा. त्या काळ्या भुकटीवर बोट दाबा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावून काढून घ्या. ती पांढऱ्या कागदावर चिकटवली की स्वच्छ ठसा मिळतो. प्रत्येकाच्या दहा बोटांवरची चक्रे मोजा आणि तक्ता करा. दोघांच्या चक्रांची जागा हुबेहूब जुळते का? जुळली, तर दोघांची चिठ्ठी एकाच कप्प्यात जाईल. मग त्यांना वेगळे कसे ओळखाल? भिंग घेऊन रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात ते पाहा.

शेवटी वर्गाचे दोन गट करा आणि जलपाईगुडीचा खटला पुन्हा चालवा. एका गटाने आरोपी दोषी कसा ते मांडावे, दुसऱ्याने शंका काढाव्यात. नियम एकच: प्रत्येक वाक्याआधी सांगायचे, "हे पुराव्यात दिसते" की "हा माझा अंदाज आहे". मुले यातली किती वाक्ये पहिल्या प्रकारची म्हणू शकतात ते मोजून आम्हाला जरूर कळवा.