सेव्ह करायचं राहिलं

२००७ च्या उन्हाळ्यात बार्शीला आजोबा आपल्या आठवणी सांगत आणि काका त्या संगणकावर टाइप करत. भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असे, पण वीज काही ते वाचून जात नसे. एका दुपारी ती अवेळी गेली आणि अकरा पानं गेली. काकांनी सकाळपासून एकदाही सेव्ह केलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी आपोआप प्रत ठेवायची सोय होती, पण तेवढ्यापुरतं मशीन अडकतं म्हणून त्यांनीच ती बंद केली होती. आजोबा नुसतं "राहू दे" म्हणाले. दोन महिन्यांनी ते पुन्हा सांगायला बसले, पण त्या अकरा पानांतलं काही त्यांनी परत सांगितलं नाही.

आज मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्या दुपारचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. कागदावर लिहिलेलं उमटतं तसं राहतं. मग संगणकावर लिहिणाऱ्याला 'आता हे जपून ठेव' असं वेगळं का सांगावं लागतं?

याचं यांत्रिक उत्तर सोपं आहे. आपण लिहितो ते मेमरीत असतं, तिला विजेचा आधार लागतो. टिकतं ते डिस्कवर, आणि डिस्क मंद. फ्लॉपीच्या काळात प्रत्येक अक्षरासाठी डिस्क फिरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून कधी फिरवायची हे माणसावर सोपवलं. यंत्राची अडचण अशी माणसाची शिस्त झाली. अ‍ॅलन कूपर यांनी १९९५ मध्ये 'अबाउट फेस' या पुस्तकात नेमकी हीच तक्रार केली होती.

पण त्याच्याही वीस वर्षं आधी काही लोकांना याचा तोडगा सापडला होता. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी आल्टो या संगणकासाठी ब्राव्हो नावाचा संपादक बनवला. ब्राव्हो मूळ फाइलला हातच लावत नसे. नवा मजकूर वेगळ्या जागी जोडला जाई आणि कुठला तुकडा कुठून घ्यायचा याची एक यादी मेमरीत असे. परिच्छेद खोडला म्हणजे यादीतून त्याचा उल्लेख गेला, परिच्छेद होता तिथेच. शिवाय केलेल्या क्रियांची नोंद डिस्कवर होत राही. यंत्र कोसळलं तर ब्राव्हो ती नोंद घेऊन साऱ्या क्रिया क्रमाने पुन्हा करून दाखवी. ज्यांनी हे बांधलं त्यांचा यंत्रावर फार विश्वास नसावा, आणि ते मला फार आवडतं.

अर्थात याच ब्राव्होत एक सापळाही होता. आज्ञा द्यायच्या अवस्थेत असताना चुकून 'एडिट' हा इंग्रजी शब्द टाइप केला की 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने खोडला जाई, 'आय'ने नवा मजकूर घ्यायची तयारी होई आणि 'टी' हे अक्षर उमटे. अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकटा 'टी'. मागे फिरायची सोय एकाच पायरीपुरती असल्याने तो 'टी' तेवढा पुसता येई.

आमच्या धंद्यातली माणसंही यातून सुटली नाहीत. व्हीआय हा संपादक लिहिणारे बिल जॉय १९७८ च्या अखेरीस त्यात एकाहून अधिक खिडक्यांची सोय करत होते. टेपचं यंत्र बिघडलेलं, बॅकअप नाही, तरी काम चालूच. मग स्रोतसंहिता खराब झाली, तिची पूर्ण छापील प्रतही नव्हती, आणि त्यांनी तो नाद सोडला. व्हीआयच्या वंशातला व्हिम आज दर २०० अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो.

सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, १९८३ मध्ये वर्ड आलं, आणि तुकड्यांची ती यादीही त्यांच्याबरोबर आली. मोठी फाइल पूर्ण लिहायला वेळ लागे, म्हणून वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' आलं : फक्त बदल फाइलच्या शेवटी जोडायचे. याचा परिणाम असा की खोडलेला मजकूर पडद्यावरून जाई, फाइलमधून नाही. लोक अशा फाइली निर्धास्तपणे बाहेर पाठवत. २००७ च्या आवृत्तीत ही सोय काढून टाकली.

आणि सेव्ह झालं म्हणजे तरी खरंच झालं का? २००९ मध्ये लिनक्सवर एक्स्ट४ ही नवी फाइलव्यवस्था वापरणाऱ्यांना मशीन अचानक बंद पडल्यावर नुकत्याच सेव्ह केलेल्या काही फाइली शून्य बाइटच्या सापडल्या. व्यवस्थेने फाइलचं नाव आधी नोंदवलं होतं, मजकूर सवडीने लिहिणार होती. चूक फाइलव्यवस्थेची की डिस्कवर लिहून झाल्याची खात्री न करणाऱ्या प्रोग्रॅमची, यावर भरपूर भांडण झालं. मला दोन्ही बाजू पटतात, पण ज्याची फाइल गेली त्याला त्याचं काय?

२००५ मध्ये रायटली आलं, पुढच्या वर्षी गूगलने ते घेतलं, आणि गूगल डॉक्समध्ये सेव्हचं बटण उरलं नाही. तिथे दस्तऐवज म्हणजे त्यात झालेल्या बदलांची क्रमवार यादी. ब्राव्होची ती नोंदच फिरून परत आली म्हणायची.

गेल्या वर्षी काकांच्या जुन्या हार्डडिस्कवर आजोबांच्या आठवणींची फाइल सापडली. ती अकरा पानं त्यात असणं शक्य नव्हतं, ती मेमरीतच विझली होती. तरी सवयीने मी फाइलचे कच्चे बाइट उघडून बघितले. युनिकोडच्या आधीचा मराठी फाँट, त्यामुळे सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्यातला एक तुकडा छापलेल्या प्रतीत कुठेच जुळेना. तो उचलून जुन्या फाँटात टाकला. आजोबांच्या धाकट्या भावाबद्दलचा परिच्छेद होता, वाटणीच्या वर्षाचा. काकांना विचारलं तर म्हणाले, "हो, दुसऱ्या दिवशी त्यांनीच काढायला लावला होता. मी त्यांच्यासमोर खोडला."

तो तुकडा मी अजून वेगळा सेव्ह केलेला नाही. हार्डडिस्क माझ्या टेबलाच्या खणात आहे.