बोरीच्या पुराला दिलेली वाट

नळदुर्गच्या पाणी महालात मी पहिल्यांदा उतरलो तो ऐन पावसाळ्यात. बोरी नदी दुथडी भरून वाहत होती. अरुंद पायऱ्या उतरून सज्जाशी उभा राहिलो. समोर पाण्याचा पडदा, कानांत त्याच्याच आवाजाचा घुमारा, आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी. ज्या भिंतीवरून दरसाल पूर जातो, तिच्याच पोटात बसायची खोली बांधण्याची हिंमत बांधणाऱ्याला कुठून आली असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

नळदुर्ग समुद्रापासून कोसो दूर आहे, पण त्याची ठेवण बेटाची आहे. बेसॉल्टचा एक सुळका पठारापासून निघून बोरीच्या घळईत घुसला आहे. तीन बाजूंना नदीचे खोरे; पठाराला जोडलेली चौथी बाजू खंदक खोदून तोडलेली. पलीकडच्या काठावरचे रणमंडळ हे त्याहून लहान, स्वतंत्र तटबंदीचे दुसरे बेट. या दोहोंना जोडतो तो बंधारा. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन या स्थपतीने तो बांधला. त्याची उंची सुमारे नव्वद फूट आहे.

आपण त्याला नुसता बंधारा म्हणतो, पण तो तीन कामे करतो. तो पाणी अडवतो, म्हणजे किल्ल्याची पाणीपुरवठा योजना आहे. त्याच्यावरून रणमंडळात जाता येते, म्हणजे पूल आहे. आणि नदीचे पात्र भरलेले ठेवून तो शत्रूला लांब राखतो, म्हणजे संरक्षणही आहे. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. बंधारा फुटला असता तर पाणी, वाट आणि बचाव हे तिन्ही एका रात्रीत गेले असते. लहान बेटाचे दुखणे नेमके हेच असते. तिथे प्रत्येक सोयीची एकच तार, एकच वाहिनी, एकच धक्का असतो.

यावर मीर इमादीनने काढलेला तोडगा बंधाऱ्याच्या माथ्यावर दिसतो. पाणी कुठेही चढून भिंत खाऊ नये म्हणून त्याने पुराला दोन ठरलेल्या वाटा दिल्या. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. धरणे बहुधा फुटतात ती पाणी नको तिथून ओसंडून पायथा उकरू लागले म्हणजे. इथे ओसंडणे गृहीतच धरले आहे. या वाटा उघडायला माणूस लागत नाही, निरोप लागत नाही. पाणी चढले की ते आपले आपण निघून जाते. पाणी महाल ही चैन खरीच, पण तो एका हिशेबाचा दाखलाही आहे. पूर कुठून जाणार हे पक्के ठाऊक असल्याशिवाय त्याच्याखाली कोणी सज्जा काढत नाही.

या गोष्टीचे मोल मला पुस्तकातून कळले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या गावात पडझड थोडी होती, पण वीज गेली. वीज गेल्यावर पंप बंद, पंप बंद म्हणून टाकी कोरडी. तेव्हा गल्लीतल्या जुन्या आडावर रहाट होता म्हणून आम्हाला पाणी मिळाले. रांगेत घागर धरून उभी असलेली आजी म्हणाली, "बरं झालं बाबा, आड बुजवला न्हाई." तो बुजवायचे ठरलेच होते.

समुद्रातल्या बेटांवरही हीच गोष्ट निराळ्या रूपात दिसते. मालवणजवळ कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला. तिथे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात एक आटली वा बिघडली तरी दुसरी असावी, ही सोय मोठी आहे. मुंबईजवळच्या घारापुरीला मात्र महावितरणची वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळावरून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही तिन्ही गावे संध्याकाळच्या काही तासांपुरत्या जनरेटरवर होती. केबल आल्याचा आनंद रास्तच. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात विजेचे हजारो खांब कोसळले, तेव्हा खुद्द जमिनीवरची गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. बेटाने तर जुना जनरेटर मोडीत काढण्याआधी दहादा विचार करावा.

नळदुर्गचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ते पाणी शिबंदीसाठी आणि दरबारासाठी होते, तटाबाहेरच्या कुणब्यासाठी नव्हते. पूर सोसण्याची कला तिथे होती, पण त्या कलेचा लाभ कोणाला हे तटबंदीने ठरवले होते. आजच्या सार्वजनिक सोयींना ही मुभा नाही. सोय टिकली आणि वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचलीच नाही, तर ती टिकून उपयोग काय?

आता बोरीवर वरच्या अंगाला मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. ते भरून वाहू लागले की नर-मादी धबधबे सुरू होतात आणि पर्यटकांची रीघ लागते. चारशे वर्षांपूर्वी आखलेल्या वाटांनीच आजही पाणी जाते.

आमच्या गल्लीतला आड अजून आहे. वर लोखंडी जाळी बसवली आहे, रहाट मात्र कधीच काढून टाकला. गेल्या उन्हाळ्यात वाकून पाहिले, तर तळाशी पाण्याबरोबर गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या. यंदा दिवाळी उरकली की चार पोरांना घेऊन तो उपसायचा आणि नवा रहाट बसवायचा, असे आम्ही ठरवले आहे. सुताराला मापही देऊन झाले.